यांकीज की जायंट्स? बेसबॉलच्या दिग्गजांचा हिशेब

पुण्या-मुंबईत कॉलेजच्या मुलांच्या डोक्यावर एक गडद निळी टोपी हमखास दिसते. तिच्या पुढच्या बाजूला एन आणि वाय ही इंग्रजी अक्षरे एकमेकांत गुंफलेली असतात. ही न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाची खूण. ज्यांनी बेसबॉलचा एकही सामना पाहिलेला नाही त्यांच्यापर्यंतही ती पोहोचली आहे, यावरून त्या संघाच्या दबदब्याची कल्पना यावी. म्हणून बेसबॉलमधले सर्वांत थोर खेळाडू कोणत्या संघाचे, असा विषय निघाला की बहुतेक जण लगेच यांकीजचे नाव घेतात. माझे उत्तर वेगळे आहे. माझा कौल जायंट्सला आहे: १८८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला आणि १९५८ पासून सॅन फ्रान्सिस्कोत खेळणारा संघ. पण हे पटवून द्यायचे तर आधी यांकीजची बाजू पूर्ण ताकदीने मांडायला हवी, कारण ती खरोखरच भक्कम आहे.

क्रिकेट जाणणाऱ्या वाचकाला पुढचे समजण्यासाठी थोडेच पुरे. मैदानात नऊ जण असतात. चेंडू टाकणारा तो पिचर, आणि सामना सर्वांत जास्त त्याच्या हातात असतो. फलंदाजाची सरासरी म्हणजे त्याला मिळालेल्या संधींपैकी किती वेळा त्याने यशस्वी फटका मारला त्याचे प्रमाण. दहातून तीन वेळा जमले, म्हणजे ०.३०० सरासरी राखली, तर तो उत्तम फलंदाज ठरतो. चेंडू कुंपणापार गेला की होम रन. मोसमाअखेरीस नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग यांचे विजेते वर्ल्ड सिरीजमध्ये भिडतात. ही स्पर्धा १९०३ मध्ये सुरू झाली. निवृत्तीनंतर पत्रकारांची ७५ टक्के मते मिळाली, किंवा जुन्या खेळाडूंसाठीच्या समितीने निवडले, की न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्या खेळाडूची ब्राँझची पाटी लागते. दिग्गजपणाची राजमान्य मोहोर ती हीच.

यांकीजची कहाणी एका सौद्यापासून सुरू होते. डिसेंबर १९१९ मध्ये बोस्टन रेड सॉक्सच्या मालकाने बेब रूथ हा खेळाडू १ लाख डॉलरना यांकीजला विकला. तोपर्यंत यांकीजने आपली लीगसुद्धा एकदाही जिंकली नव्हती. पुढच्याच मोसमात रूथने ५४ होम रन मारले. अमेरिकन लीगमधल्या इतर कोणत्याही संघाला, सगळे फलंदाज मिळूनही, तेवढे जमले नव्हते. लोक मैदानावर लोटले, १९२३ मध्ये यांकीजला नवे भव्य स्टेडियम मिळाले आणि त्याच वर्षी पहिले विजेतेपदही. पुढे २००९ पर्यंत त्यांनी २७ वर्ल्ड सिरीज जिंकल्या. इतर कोणताही संघ या आकड्याच्या जवळपासही नाही.

रूथच्या पाठोपाठ फलंदाजीला लू गेहरिग येई. १९२५ ते १९३९ या काळात तो सलग २,१३० सामने खेळला. मग शरीर साथ देईना, तेव्हा त्याने स्वतःहून संघाबाहेर बसायचे ठरवले. मज्जातंतूंच्या ज्या आजाराने १९४१ मध्ये त्याचा अंत केला, तो अमेरिकेत आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जो डिमॅजिओने लागोपाठ ५६ सामन्यांत किमान एक यशस्वी फटका मारला. त्यानंतर इतक्या वर्षांत कोणालाही ४४ च्या पुढे जाता आलेले नाही. मग मिकी मँटल आला, ५३६ होम रनचा धनी. कॅचर (फलंदाजामागे उभा राहून चेंडू पकडणारा) योगी बेरा खेळाडू म्हणून १० वेळा वर्ल्ड सिरीज जिंकला, आणि हा विक्रम आजही त्याचाच आहे. अलीकडच्या काळात डेरेक जीटर आणि मारियानो रिव्हेरा. रिव्हेरा शेवटच्या डावात येऊन सामना राखणारा पिचर होता. २०१९ मध्ये तो एकाही विरोधी मताशिवाय हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला. असा मान त्याच्याआधी कोणालाच, अगदी रूथलाही, मिळाला नव्हता.

एवढी नावे घेतल्यावर वाद संपायला हवा. तो संपत नाही, कारण ‘आमचा खेळाडू’ कोणाला म्हणायचे हेच ठरलेले नाही. रूथ बोस्टनमध्ये अव्वल पिचर होता. तिथे त्याने ८९ सामने जिंकून दिले आणि संघाला तीन विजेतेपदे मिळवून देण्यात हातभार लावला. बोस्टनच्या चाहत्यांनी त्याच्यावर हक्क का सांगू नये? हॉल ऑफ फेमच्या पाटीवर खेळाडूच्या डोक्यावर कोणत्या संघाची टोपी कोरायची, यावरूनही इतके रुसवे-फुगवे झाले की २००१ पासून तो निर्णय संस्थेनेच आपल्याकडे घेतला. पिचर ग्रेग मॅडक्सच्या २०१४ च्या पाटीवर टोपीला कोणतेच चिन्ह नाही, कारण शिकागो आणि अटलांटा या दोन्ही शहरांचे ऋण त्याला सारखेच वाटत होते. मी इथे साधा नियम लावतो: खेळाडूने त्या संघाच्या गणवेशात जे केले, तेवढेच त्या संघाच्या खात्यात.

पाट्या मोजूनही प्रश्न सुटत नाही. कधी ना कधी जायंट्सकडून खेळलेले सर्वांत जास्त जण हॉल ऑफ फेममध्ये आहेत, आणि जायंट्सचे चाहते हे अभिमानाने सांगतात. मी मात्र त्या मोजणीवर माझा दावा उभा करणार नाही. जुन्या खेळाडूंची निवड करणाऱ्या समितीत १९७० च्या सुमारास फ्रँकी फ्रिश हा १९२० च्या दशकातला जायंट्सचा खेळाडू होता आणि त्याचे तिथे वजन होते. त्या काळात त्याचे जुने सहकारी डेव्ह बँक्रॉफ्ट, रॉस यंग्स आणि जॉर्ज केली हे १९७१, १९७२ आणि १९७३ असे ओळीने आत गेले. तिघेही चांगले खेळाडू होते, पण रूथ-गेहरिगच्या पंगतीत त्यांना बसवता येणार नाही. तेव्हा त्यांना बाजूला ठेवू आणि खरोखर पहिल्या पंक्तीतले कोण आहेत ते पाहू.

जायंट्सचा पहिला महानायक क्रिस्टी मॅथ्यूसन. १९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने सहा दिवसांत तीन सामन्यांत पिचिंग केले, २७ डाव टाकले आणि एकही धाव दिली नाही. आज एवढे डाव टाकायला पिचरला तीन-चार आठवडे लागतात. त्याने एकूण ३७३ सामने जिंकले, त्यांतले ३७२ जायंट्ससाठी. बेसबॉल म्हणजे दारुड्या, भांडकुदळ लोकांचा खेळ अशी समजूत असलेल्या काळात हा शिकलेला, शांत गृहस्थ लोकांना भावला. पहिल्या महायुद्धात तो सैन्याच्या रासायनिक युद्धविभागात होता. तिथे विषारी वायूने त्याच्या फुप्फुसांना इजा झाली, पुढे क्षयाने गाठले आणि १९२५ मध्ये, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी तो गेला. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी पहिले पाच जण निवडले गेले, त्यांत रूथ, टाय कॉब, होनस वॅग्नर आणि वॉल्टर जॉन्सन यांच्याबरोबर मॅथ्यूसनही होता.

डावखुऱ्या कार्ल हबलची गोष्ट यांकीजच्या चाहत्यांनी जरूर वाचावी. १९३४ च्या जुलैत दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंचा सामना जायंट्सच्या पोलो ग्राउंड्सवर होता. हबलने आपल्या उलट वळणाऱ्या चेंडूवर लागोपाठ पाच फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे फटका लागू न देता बाद, केले: बेब रूथ, लू गेहरिग, जिमी फॉक्स, अल सिमन्स आणि जो क्रोनिन. पाचही जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. त्याच संघात मेल ऑट होता. त्याने संपूर्ण कारकीर्द जायंट्ससाठी खेळून ५११ होम रन मारले. हबलने जायंट्सला २५३ सामने जिंकून दिले.

इथपर्यंत दोन्ही संघ बरोबरीचे मानता येतील. यांकीज थोडे पुढे म्हटले तरी माझी हरकत नाही. पुढे पारडे फिरते, आणि ते का फिरते हेच मला या लेखात प्रामुख्याने सांगायचे आहे.

१९४७ पर्यंत मोठ्या लीगमध्ये, म्हणजे नॅशनल आणि अमेरिकन लीगमध्ये, एकाही कृष्णवर्णीयाला जागा नव्हती. नियमाच्या पुस्तकात तसे लिहिलेले नव्हते, पण साठ वर्षे सगळे मालक ते कसोशीने पाळत होते. रूथ, गेहरिग, मॅथ्यूसन, हबल या सगळ्यांनी विक्रम केले ते देशातल्या बहुतेक उत्तम कृष्णवर्णीय खेळाडूंना कुंपणाबाहेर ठेवलेल्या खेळात. त्या खेळाडूंनी १९२० पासून आपल्या स्वतंत्र लीग उभारल्या होत्या. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला आणि दार उघडले. यानंतर कोणता संघ किती लवकर आत-बाहेरचा हा भेद सोडतो, यावर त्याच्याकडे कोण दिग्गज येणार हे ठरले.

यांकीजनी आठ वर्षे घेतली. त्यांचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू एल्स्टन हॉवर्ड १९५५ मध्ये आला. बोस्टन रेड सॉक्सने तर १९५९ उजाडेपर्यंत वाट पाहिली, आणि सर्व संघांत ते शेवटचे ठरले. १९४५ च्या एप्रिलमध्ये याच संघाने जॅकी रॉबिन्सनची आपल्या मैदानावर चाचणी घेतली होती आणि त्याला घेतले नव्हते. एकोणीस मोसम टेड विल्यम्ससारखा फलंदाज पदरी असलेल्या या संघाला १९१८ नंतर २००४ पर्यंत एकही विजेतेपद का मिळाले नाही, याचे उत्तर रूथला विकल्यामुळे लागलेल्या कथित शापात शोधले जाते. मला ते या निवडींत दिसते.

याचा परिणाम आकड्यांत स्वच्छ दिसतो. १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत नॅशनल लीगचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू निवडताना नऊ वेळा कृष्णवर्णीय खेळाडूचे नाव आले: रॉबिन्सन, तीनदा रॉय कॅम्पानेला, विली मेज, डॉन न्यूकम, हँक आरन आणि दोनदा एर्नी बँक्स. सगळेच्या सगळे स्वतंत्र कृष्णवर्णीय लीगमधून आलेले होते. अमेरिकन लीगमध्ये असा मान एका कृष्णवर्णीयाला पहिल्यांदा मिळाला तो १९६३ मध्ये, एल्स्टन हॉवर्डला. तोपर्यंत एक पिढी निघून गेली होती.

जायंट्सनी १९४९ च्या जुलैत माँटी अर्विन आणि हँक थॉम्पसन यांना संघात घेतले. म्हणजे त्यांनीही रॉबिन्सननंतर दोन वर्षे घालवली, त्याआधीच्या दीर्घ काळात तेही दोषीच होते. पण दार उघडल्यावर त्यांनी ते सताड उघडले. १९५० मध्ये त्यांनी बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स या संघातला एकोणीस वर्षांचा मुलगा घेतला. त्याचे नाव विली मेज.

मेजबद्दल थोडे सावकाश बोलले पाहिजे. फटका मारणे, लांब मारणे, धावणे, झेल घेणे, फेकणे, या पाचही गोष्टी इतक्या उंचीवर एकाच माणसाला साधल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. २९ सप्टेंबर १९५४ ला वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात आठव्या डावात धावसंख्या २-२ अशी होती आणि क्लीव्हलँडचे दोन धावपटू बेसवर (धाव पूर्ण करताना थांबायच्या जागांवर) होते. व्हिक वर्ट्झने मैदानाच्या मध्यभागी खोलवर फटका मारला. पोलो ग्राउंड्सचे मधले कुंपण ४८० फुटांहून दूर होते. मेज फलंदाजाकडे पाठ करून कुंपणाच्या दिशेने पळत सुटला, खांद्यावरून येणारा चेंडू त्याने धावताधावता हातमोज्यात घेतला आणि त्याच गिरकीत परत फेकला. धाव झाली नाही. जायंट्सने तो सामना आणि ती मालिकाही ४-० अशी जिंकली. सैन्यात दाखल झाल्यामुळे मेजचा १९५२ चा बहुतेक आणि १९५३ चा संपूर्ण मोसम बुडाला होता, तरी त्याने ६६० होम रन मारले. जून २०२४ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी तो गेला.

मेजमागोमाग विली मकोव्ही आला, ५२१ होम रनचा. पोर्तो रिकोहून ऑर्लँडो सेपेडा आला. डॉमिनिकन रिपब्लिकमधून हुआन मारिचाल आला आणि आलू कुटुंबातले तीन भाऊ आले. सप्टेंबर १९६३ मध्ये हे तिघे भाऊ एकाच सामन्यात एकत्र आउटफिल्डमध्ये, म्हणजे कुंपणाकडच्या तीन जागांवर, उभे राहिले. मोठ्या लीगमध्ये खेळलेला पहिला जपानी, मासानोरी मुराकामी, १९६४ मध्ये जायंट्सकडूनच खेळला. मारिचालच्या दमाची एक गोष्ट सांगतो. २ जुलै १९६३ ला सॅन फ्रान्सिस्कोत पंचविशीतला मारिचाल आणि ब्रेव्हजचा ४२ वर्षांचा वॉरन स्पान समोरासमोर आले. नऊ डाव संपले, धाव नाही. दोघांपैकी कोणीही हटेना. सोळाव्या डावात मेजने स्पानला होम रन मारला आणि सामना १-० ने संपला. मारिचालने सोळाच्या सोळा डाव टाकले होते.

याहून मोठे काही जायंट्सच्या हातून हुकले, त्याची रक्कमही नोंदलेली आहे. १९५२ मध्ये हँक आरन या तरुण खेळाडूकडे जायंट्सचा करार आला होता. ब्रेव्हजनी महिन्याला ५० डॉलर जास्त देऊ केले आणि आरन तिकडे गेला. पुढे त्याने ७५५ होम रन मारून रूथचा विक्रम मोडला. मेज आणि आरन एका संघात असते तर हा लेख लिहायची गरजच पडली नसती.

आता समोरासमोर ठेवू. यांकीजचे आउटफिल्ड म्हणजे रूथ, डिमॅजिओ आणि मँटल. यांकीजच्या गणवेशात त्यांचे होम रन अनुक्रमे ६५९, ३६१ आणि ५३६, एकूण १,५५६. जायंट्सचे आउटफिल्ड म्हणजे बॅरी बाँड्स, मेज आणि ऑट. जायंट्ससाठी ५८६, ६४६ आणि ५११, एकूण १,७४३. मात्र बाँड्सचे नाव घेताना मोकळेपणाने बोलले पाहिजे. एकूण ७६२ होम रनचा सर्वकालीन विक्रम त्याचा असला तरी उत्तेजक द्रव्यांच्या संशयामुळे पत्रकारांनी २०२२ पर्यंत दहाही वेळा त्याला हॉल ऑफ फेममध्ये जाऊ दिले नाही. त्याला वगळून अर्विनला घेतले तर आउटफिल्डचा सामना यांकीज जिंकतात. पहिल्या बेसवर गेहरिग मकोव्हीच्या पुढे आहे. कॅचर म्हणून बेराशी तुलना करता येईल असा जायंट्सचा एकच, बस्टर पोझी, आणि त्याची कारकीर्द लहान होती.

मी जायंट्सकडे झुकतो ते पिचरांमुळे. यांकीजसाठी सर्वांत जास्त सामने जिंकणारे तिघे म्हणजे व्हाइटी फोर्ड २३६, रेड रफिंग २३१ आणि अँडी पेटिट २१९. त्यांच्यासमोर मॅथ्यूसन ३७२, हबल २५३, मारिचाल २३८. मॅथ्यूसनच्या काळात पिचर जास्त सामने खेळत, हे खरे. तो फरक वजा केला तरी फोर्ड वगळता यांकीजचा एकही पिचर या तिघांच्या जवळ उभा राहत नाही. ज्या खेळात पिचर सामना ठरवतो, तिथे हे अंतर लहान नाही.

विजेतेपदांचे काय? जायंट्सची आठच आहेत. मेज, मकोव्ही, मारिचाल, सेपेडा एकत्र असूनही सॅन फ्रान्सिस्कोला त्या काळात एकही मिळाले नाही. १९६२ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, निर्णायक सामन्यात यांकीज १-० ने पुढे होते. शेवटच्या डावात दोन बाद, मेज दुसऱ्या बेसवर, मॅटी आलू तिसऱ्यावर. मकोव्हीने घणाघाती फटका मारला आणि तो सरळ बॉबी रिचर्डसनच्या हातात गेला. चेंडू दोन-तीन फूट इकडेतिकडे गेला असता तर करंडक जायंट्सचा होता. म्हणूनच विजेतेपदे मोजणे वेगळे आणि थोर खेळाडू मोजणे वेगळे, असे मी मानतो.

सेंट लुइस कार्डिनल्सचे स्टॅन म्युझियल आणि बॉब गिब्सन, डॉजर्सचे रॉबिन्सन आणि सँडी कूफॅक्स यांनाही या वादात स्थान आहे. १९६८ मध्ये गिब्सनविरुद्ध धावा काढणे इतके कठीण झाले, की पुढच्या वर्षी पिचरच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंच करण्यात आली. पण संघ म्हणून पाहिले तर कार्डिनल्स आणि डॉजर्स हे यांकीज आणि जायंट्सच्या मागेच राहतात.

एक संघ मात्र या सगळ्या तुलनेबाहेर राहतो आणि त्याचे नाव घेतल्याशिवाय मला थांबता येणार नाही. १९३० च्या दशकात गस ग्रीनली यांच्या पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या कृष्णवर्णीयांच्या संघात जॉश गिब्सन, सॅचेल पेज, ऑस्कर चार्ल्सटन, कूल पापा बेल आणि जुडी जॉन्सन असे हॉल ऑफ फेमचे पाच खेळाडू होते. मोठ्या लीगच्या व्यवस्थापनाने डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ मधल्या सात कृष्णवर्णीय लीगना बरोबरीचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले. तेव्हा सर्वकालीन सरासरीत टाय कॉबचा ०.३६७ खाली गेला आणि गिब्सनचा ०.३७२ वर आला. गिब्सन स्वतः जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या तीन महिने आधी, ३५ व्या वर्षी वारला होता. पेजला मोठ्या लीगमध्ये संधी मिळाली तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. एकाच वेळी एकाच मैदानावर उतरलेला सर्वांत थोर संघ कोणता, असे विचारले तर माझे उत्तर क्रॉफर्ड्स असेल. त्यांना त्यांच्या काळातल्या यांकीजविरुद्ध वर्ल्ड सिरीज खेळायला मिळायला हवी होती.

शतकभराच्या हिशेबात मात्र माझा कौल कायम आहे: सर्वांत थोर खेळाडू रूथ, सर्वांत थोर खेळाडूंचा संघ जायंट्स. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास आज पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात आणि इथून आईवडील त्यांच्याकडे जात-येत असतात. तिकडे गेलात तर खाडीकाठच्या जायंट्सच्या मैदानाबाहेर अवश्य जा. मेज, मकोव्ही, मारिचाल, सेपेडा आणि गेलॉर्ड पेरी यांचे पुतळे तिथे आहेत, आणि ते पाहायला सामन्याचे तिकीट लागत नाही.